वेस्लीची वही आणि पेनीचा क्लास

ऑक्सफर्डच्या लिंकन कॉलेजात 1734 सालच्या सुरुवातीला जॉन वेस्ली नावाच्या तिशीतल्या फेलोने आपल्या रोजनिशीची मांडणी बदलली. रोजनिशी तो 1725 पासून लिहीत होता, पण आतापर्यंतचं लिहिणं त्याला ढिलं वाटू लागलं होतं. आता पानावर रकाने आले. पहाटे चारपासून रात्री अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत प्रत्येक तासाची वेगळी ओळ. त्या तासात काय वाचलं, कोणाशी काय बोलणं झालं, प्रार्थना झाली की राहिली, कोणता संकल्प पाळला, कोणता मोडला. आणि या सगळ्यात मन देवाशी किती लागलं होतं, याला एक ते नऊ यांमधले गुण. परीक्षक तोच, परीक्षार्थीही तोच.

नोंदी लघुलिपी, संक्षेप आणि खाजगी खुणा यांच्या मिश्रणात होत्या, त्यामुळे त्याच्या मागे त्या कोणाला वाचता येईनात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नेहेमाया कर्नॉक या संपादकाने त्या लिपीची किल्ली शोधली. पुढे रिचर्ड हायट्झेनरेटर या अभ्यासकाने ऑक्सफर्डच्या वह्या उलगडल्या. तेव्हा कळलं की मेथडिस्ट पंथाचा हा संस्थापक ऐन तारुण्यात स्वतःच्या मनाचा असा ताळेबंद तासातासाला मांडत होता, आणि ताळा काही केल्या जमत नव्हता.

याच माणसाच्या हातून पुढे एक वेगळा रिवाज उभा राहिला. दहा-बारा जणांनी आठवड्यातून एकदा एकत्र बसायचं आणि गेल्या आठवड्यात आपण कसे वागलो ते एकमेकांना तोंडाने सांगायचं. त्याला ‘क्लास मीटिंग’ म्हणत. वही ते क्लास हा प्रवास सरळ रेषेत झाला नाही, आणि वेस्लीच्या बाबतीत तर तो कधी पुरा झाला असंही म्हणवत नाही.

सुरुवात शोधायची तर लिंकनशायरमधल्या एपवर्थ गावातल्या पाळकाच्या घरात जावं लागतं. तिथे 1703 मध्ये जॉन जन्मला. आई सुझॅना. तिला 19 मुलं झाली, त्यातली 9 तान्हेपणीच गेली. उरलेल्यांना तिने घरातच शाळा भरवून वाढवलं. ती शाळा कशी चालायची हे तिने 1732 मध्ये जॉनच्याच विनंतीवरून एका लांबलचक पत्रात लिहून ठेवलं आहे. वर्षाच्या आतच मुलाला रडायचं तर हळू रडायला शिकवलं जाई. पाचवा वाढदिवस झाला की दुसऱ्या दिवशी सगळी मुळाक्षरं एका दिवसात यायला हवीत. दोन मुलींना दीड दिवस लागला, तर त्या मंद आहेत असं आपल्याला तेव्हा वाटलं, हेही ती प्रांजळपणे नोंदवते. दीड दिवस म्हणजे मंद! या घरात वाढलेल्या मुलाने पुढे स्वतःला नऊपैकी गुण दिले यात नवल काय?

पण त्याच पत्रात आणखी दोन नियम आहेत आणि त्यांच्याकडे सहसा लक्ष जात नाही. चूक केलेल्या मुलाने ती आपणहून कबूल केली आणि सुधारण्याचा शब्द दिला, तर त्याला मार द्यायचा नाही. आणि एकाच चुकीसाठी दोनदा बोलायचंही नाही. शिवाय प्रत्येक मुलाला आठवड्यातली एक संध्याकाळ आईशी एकट्याने बोलायला मिळे. जॉनचा वार गुरुवार. मोठा झाल्यावरही त्याने आईला लिहिलं होतं की ती गुरुवारची संध्याकाळ मनातून माझ्यासाठी राखून ठेव. ठरलेला वार, ऐकणारं माणूस आणि कबुलीला सूट: पुढच्या क्लास मीटिंगचा सांगाडा या घरात आधीच होता. ऑक्सफर्डला जाताना जॉनने बरोबर नेले ते मुळाक्षरांचे नियम. गुरुवार मागे राहिला.

ऑक्सफर्डमध्ये धाकटा भाऊ चार्ल्स याने 1729 मध्ये काही विद्यार्थी जमवले होते. पुढे त्यांचं पुढारपण जॉनकडे आलं. ही मंडळी एकत्र ग्रीक नवा करार वाचत, बुधवारी आणि शुक्रवारी दुपारी तीनपर्यंत उपास करत, दर आठवड्याला प्रभुभोजन घेत. विल्यम मॉर्गन नावाच्या सोबत्याच्या आग्रहावरून 1730 पासून ते तुरुंगातल्या कैद्यांना भेटायला जाऊ लागले. कर्जापायी डांबलेल्यांना पैशाची मदत, गरिबांच्या मुलांना शिकवणं, हीही कामं आली. बाकीच्या विद्यार्थ्यांना ही आयतीच करमणूक मिळाली. ‘होली क्लब’, ‘बायबलची कसर’ अशी नावं पडली, आणि सगळं कसं पद्धतशीर करतात म्हणून ‘मेथडिस्ट’. यातलं शेवटचं चिकटलं.

कैद्यांना भेटणं खरोखरच चांगलं होतं. त्यामागची भूक मात्र वेगळी होती. आपण देवाला पसंत पडलो आहोत याची खात्री या तरुणांना हवी होती, आणि नियम वाढवत नेले की ती कधीतरी मिळेल अशी त्यांची समजूत होती. मॉर्गन 1732 मध्ये वारला. उपासांनी त्याचा जीव घेतला अशी कुजबुज झाली आणि वेस्लीला त्याच्या वडिलांना सविस्तर खुलासा लिहावा लागला. पुढे जगप्रसिद्ध उपदेशक झालेला जॉर्ज व्हाइटफील्ड 1735 च्या लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळात, उपासतापास करून इतका खंगला की त्याला आठवडेच्या आठवडे अंथरुणात काढावे लागले.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात वेस्ली जॉर्जियाला निघाला. अमेरिकेतली ही इंग्रज वसाहत तेव्हा जेमतेम दोन-तीन वर्षांची होती. तिथल्या आदिवासींना ख्रिस्ती करावं हा उघड हेतू, आणि तसं करता करता आपला स्वतःचा आत्मा वाचेल हा मनातला. जहाजावरच त्याने मांस आणि दारू सोडली, भात-बिस्किटांवर राहू लागला. 25 जानेवारी 1736 रोजी समुद्र खवळला. मोठं शीड फाटलं, पाणी डेकवरून आत घुसलं. इंग्रज प्रवासी किंचाळत होते. त्याच वेळी मोरावियन पंथाचे काही जर्मन लोक उपासनेला बसले होते. त्यांनी गाणं थांबवलं नाही. वादळ शमल्यावर वेस्लीने त्यांतल्या एकाला विचारलं, तुम्हाला भीती नाही वाटली? नाही वाटली. तुमच्या बायकामुलांना? त्यांनाही मरणाचं भय नाही, असं उत्तर आलं. वेस्ली मात्र घाबरला होता आणि ते त्याने लिहून ठेवलं.

सव्हाना गावात त्याने जे मांडलं ते आपल्याकडच्या सोवळ्याओवळ्याच्या वरताण होतं. तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा करायचा तर प्रार्थनापुस्तकातल्या जुन्या नियमाप्रमाणे पाण्यात बुडवूनच. एका आईने नकार दिला, तर बाप्तिस्माच नाही. इंग्रजी चर्चच्या बाहेर बाप्तिस्मा झालेल्यांना प्रभुभोजन नाही. त्यातच सोफी हॉपकी ही अठराएक वर्षांची मुलगी त्याच्याकडे फ्रेंच शिकायला येऊ लागली आणि वेस्ली तिच्या प्रेमात पडला. लग्न करावं की ब्रह्मचारी राहावं? ठरेना. शेवटी त्याने देवाला कौल लावला. तीन चिठ्ठ्या: लग्न कर, यंदा विचार नको, पुन्हा विचारच नको. तिसरी चिठ्ठी निघाली. थोड्याच दिवसांत, मार्च 1737 मध्ये, सोफीने दुसऱ्याशी लग्न केलं. ऑगस्टमध्ये वेस्लीने तिला भर देवळात प्रभुभोजन नाकारलं. कारण त्याने नियमांतलंच दिलं, गावाने अर्थ लावायचा तो लावला. सोफीचा एक नातलग गावचा मॅजिस्ट्रेट होता. 44 जणांच्या ज्युरीने वेस्लीवर 10 आरोप ठेवले, आणि डिसेंबरात तो अंधार पडल्यावर होडीने निसटला.

परतीच्या प्रवासात त्याने स्वतःविषयी जे लिहिलं ते फार कडवट आहे. दुसऱ्यांना तारायला गेलेल्या आपलंच तारण झालेलं नाही, असा त्याचा सूर. मात्र चाळीसेक वर्षांनी हे लिखाण पुन्हा छापताना वेस्लीने त्या वाक्यांना छोट्या तळटिपा जोडल्या. एके ठिकाणी, याची मला आता खात्री नाही, अशा अर्थाची. दुसऱ्या ठिकाणी, तेव्हा माझा विश्वास पुत्राचा नसला तरी सेवकाचा होताच, अशा अर्थाची. तरुणपणच्या स्वतःला म्हाताऱ्या वेस्लीने दिलेले हे वाढीव गुण. त्याच्या साऱ्या लेखनात या दोन-चार टिपांइतकं हृद्य दुसरं काही नसावं.

लंडनला पोचल्यावर फेब्रुवारी 1738 मध्ये त्याची गाठ पेटर ब्योलर या मोरावियन तरुणाशी पडली. ब्योलर त्याच्याहून नऊ वर्षांनी लहान. विश्वास हा कमवायचा नसतो, तो दान म्हणून मिळतो, हे त्याने वेस्लीला परोपरीने समजावलं. माझ्याजवळ नाही ते मी लोकांना कसं सांगू, या प्रश्नावर ब्योलरचं म्हणणं असं, की मिळेपर्यंत त्याचाच उपदेश कर, आणि मिळाल्यावर मिळाला म्हणून कर. 24 मे 1738 च्या संध्याकाळी वेस्ली अगदी नाखुशीने ऑल्डर्सगेट स्ट्रीटवरच्या एका बैठकीला गेला. तिथे कोणीतरी रोमकरांस पत्राला मार्टिन ल्यूथरने लिहिलेली प्रस्तावना वाचत होतं. पावणेनऊच्या सुमाराला आपल्या हृदयात अनपेक्षित ऊब आली, आपली पापं ख्रिस्ताने उचलली असा भरवसा वाटला, अशी त्याची नोंद आहे. ल्यूथरही याच वाटेने गेलेला होता. एर्फुर्टच्या मठात असताना तो तासन् तास पापांची कबुली देत बसे आणि संपवून उठला की राहिलेलं पाप आठवे. त्याचा वडीलधारा गुरू श्टाउपिट्स या प्रकाराला कंटाळला होता. एका थकलेल्या हिशेबनिसाचं लिखाण दुसऱ्या थकलेल्याच्या कामी आलं, असं म्हणता येईल.

मेथडिस्ट लोक आजही 24 मे पाळतात. इतिहास मात्र त्या तारखेवर थांबत नाही. सातच महिन्यांनी, जानेवारी 1739 मध्ये, आपण ख्रिस्ती नाही असं वेस्लीने पुन्हा लिहिलं. आणि 1766 मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, हजारो लोक ज्याच्या शब्दावर चालत होते त्या वेस्लीने चार्ल्सला पाठवलेल्या पत्रात देवावर आपलं प्रेम कधी नव्हतंच असं कळवलं. त्यातला नाजूक भाग लघुलिपीत आहे. शंका गेली नव्हती. फरक पडला तो एवढाच, की शंका आली म्हणून तो आता काम थांबवत नव्हता आणि नियमही वाढवत नव्हता.

क्लासचा जन्म मात्र प्रार्थनेतून झाला नाही, कर्जातून झाला. ब्रिस्टलमध्ये वेस्लीने 1739 मध्ये ‘न्यू रूम’ नावाचं सभागृह बांधलं. आज ते जगातलं सर्वांत जुनं मेथडिस्ट सभागृह म्हणून दाखवलं जातं. त्याचं देणं फिटेना, म्हणून 15 फेब्रुवारी 1742 ला प्रमुख मंडळी जमली. फॉय नावाच्या एका कप्तानाने सुचवलं, प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. कोणीतरी म्हणालं, पुष्कळांना तेवढीही झेपणार नाही. फॉयचं उत्तर असं: सर्वांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या. दर आठवड्याला मी त्यांच्याकडे जाईन, देतील ते घेईन, कमी पडेल ते मी घालीन. तुम्हीही तसंच करा.

झालं, अकरा आणि एक असे बारांचे गट पडले आणि गटनायक पेनी गोळा करायला दारोदार जाऊ लागले. घरी गेल्यावर जे दिसायचं ते दिसलंच. एकाच्या घरी दारू, दुसरा बायकोशी भांडताना सापडला. नायकांनी हे वेस्लीला येऊन सांगितलं. त्याच्या लगेच लक्षात आलं की आपण कितीतरी दिवस जे शोधत होतो ते हेच. थोड्याच काळात नायकाने घरोघर हिंडण्याऐवजी सगळ्यांनीच एका ठिकाणी जमायची पद्धत पडली, म्हणजे वेळही वाचे आणि दोघांतला गैरसमज तिथल्या तिथे मिटे. भिशीसारखी सुरू झालेली गोष्ट अशी माणसांच्या वागण्याची बैठक झाली.

बैठक साधी असे. गीत, प्रार्थना, मग नायक आधी स्वतःविषयी बोले: आठवडा कसा गेला, कुठे घसरलो, कुठे सावरलो. मग एकेकाला विचारी. उत्तर ऐकून धीर द्यायचा, समज द्यायची किंवा नुसतं ऐकायचं. वहीत हजेरी लागे. गैरहजर माणूस आजारी होता, कामात अडकला होता की टाळत होता, याचीही नोंद होई. म्हणजे वही इथेही होती. पण आता ती दुसऱ्याच्या हातात होती, आणि तिच्यात मनाला गुण नव्हते.

प्रवेशाला अट एकच होती, पापापासून सुटायची इच्छा. विश्वासाची परीक्षा नाही, अनुभवाचा दाखला नाही. आत आल्यावर मात्र 1743 च्या ‘सामान्य नियमां’प्रमाणे वागावं लागे: कोणाचं वाईट करायचं नाही, होईल तितकं भलं करायचं, उपासना चुकवायची नाही. त्यांतले तपशील अगदी रोजच्या जगण्यातले. जकात चुकवलेला माल घ्यायचा नाही, फेडता येणार नाही असं कर्ज काढायचं नाही, खरेदी-विक्रीत फार घासाघीस करायची नाही. दर तीन महिन्यांनी बायबलचं वचन छापलेलं तिकीट मिळे. वागणूक बिघडली तर मिळत नसे.

वेस्ली त्यात हयगय करत नव्हता. न्यूकॅसलच्या मंडळीतून 1743 मध्ये त्याने 64 जणांना काढलं आणि कारणांची यादीच लिहिली. 17 जण दारूबाजीसाठी, दोघं दारू विकल्याबद्दल, दोघं शिव्याशाप देण्याबद्दल, दोघं रविवार मोडल्याबद्दल, तिघं मारामारीसाठी, तिघं सतत खोटं बोलल्याबद्दल, चौघं निंदानालस्तीसाठी, एक आळसासाठी, एक बायकोला मारल्याबद्दल. आणि उरलेले 29? थिल्लरपणा आणि बेपर्वाई. सर्वांत मोठा आकडा सर्वांत धूसर गुन्ह्याचा आहे. इथे एपवर्थची मुळाक्षरं पुन्हा डोकावतात. बायकोला मारणाऱ्याला काढलं याचं कौतुक वाटतं, पण त्या 29 जणांत नुसते हसरे किती असतील, हाही प्रश्न पडतो.

ज्यांना आणखी खोलात जायचं त्यांच्यासाठी ‘बँड’ होते, पाच-सहा जणांचे. पुरुषांचे वेगळे, स्त्रियांचे वेगळे, विवाहितांचे वेगळे, अविवाहितांचे वेगळे. तिथले प्रश्न थेट असत: गेल्या बैठकीनंतर कोणतं पाप केलंस, कोणता मोह झाला, सुटलास कसा, आणि पाप आहे की नाही याची शंका वाटावी असं काय घडलं. हा शेवटचा प्रश्न फार शहाणपणाचा आहे. काटेकोर मनाचा माणूस एकटा असला की अशाच शंकेला रात्रभर कुरतडत बसतो. बँडमध्ये ती चारचौघांसमोर मांडायची आणि अनुभवी माणसाने सांगायचं, अरे, हे काही पाप नव्हे. रोमन चर्चमध्ये हे काम पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूकडे होतं. इथे ते न्हावी, विणकर, खाणकामगार आणि घरकाम करणाऱ्या बायका करू लागल्या. स्त्रियांच्या क्लासच्या नायिका स्त्रियाच असत. सेरा क्रॉसबी ही अशीच एक. फेब्रुवारी 1761 मध्ये डर्बीला तिच्या क्लाससाठी तीसएक जण येतील असं तिला वाटलं होतं, आले जवळजवळ दोनशे. एकेकाशी बोलणं शक्यच नव्हतं, तेव्हा तिने उभं राहून सगळ्यांना मिळून चार शब्द सांगितले. मेथडिस्ट स्त्रियांच्या उपदेशाची सुरुवात पुष्कळदा इथून मोजतात.

‘ख्रिस्ती परिपूर्णता’ हा वेस्लीचा आवडता सिद्धांत, आणि त्याच्या हयातीतच त्यावर सर्वांत जास्त वाद झाले. 1766 च्या त्याच्या पुस्तकाचा विषयही तोच. नाव ऐकून वाटतं की हा पुन्हा ऑक्सफर्डच्या रकान्यांकडे गेला. प्रत्यक्षात त्याने शब्द ठेवला आणि आतलं सामान बदललं. परिपूर्ण माणूस अज्ञानातून सुटत नाही, चुकांतून सुटत नाही, आजारातून, विसराळूपणातून, मोहातूनही नाही. परिपूर्णता म्हणजे देवावर आणि शेजाऱ्यावर मनापासून प्रेम, एवढंच. आणि तिथे पोचलेल्यानेही प्रभूच्या प्रार्थनेतली क्षमेची ओळ रोज म्हणायचीच. नवशिक्या उपदेशकाला वेस्ली विचारी, तू परिपूर्णतेकडे निघाला आहेस का? मेथडिस्ट मंडळ्यांत दीक्षेच्या वेळी हा प्रश्न आजही विचारतात. आपण स्वतः तिथे पोचल्याचा दावा मात्र वेस्लीने कधी केला नाही. उलट 1767 मध्ये एका वर्तमानपत्राला पत्र लिहून तसं जाहीर सांगून टाकलं.

दावा करणारे वेगळे होते. लंडनमध्ये 1762 च्या सुमाराला जॉर्ज बेल नावाच्या लष्करातल्या माणसाने आणि त्याच्या सोबत्यांनी आपण आता देवदूतांसारखे निर्दोष झालो असं जाहीर केलं. जे स्वतः परिपूर्ण नाहीत ते आम्हाला काय शिकवणार, हा त्यांचा सवाल होता, म्हणजे क्लासची गरजच संपली. बेलने पुढे जगाच्या अंताची तारीखही दिली, 28 फेब्रुवारी 1763. त्या संध्याकाळी वेस्लीने स्पिटलफील्ड्सला ही भविष्यवाणी खोटी असल्याचं प्रवचन दिलं. शहरात कितीतरी लोक भीतीने रात्रभर जागे राहिले, कित्येक शेतांतून भटकले. वेस्ली नेहमीप्रमाणे दहाच्या सुमाराला गाढ झोपला होता. जहाजावर घाबरलेला तरुण एवढा तरी बदलला होता.

घरच्या आघाडीवर तो फारसा बदलला नाही, हेही सांगायला हवं. फेब्रुवारी 1751 मध्ये लंडन ब्रिजवर बर्फावरून पाय घसरून तो पडला, मेरी व्हझील या विधवेच्या घरी उपचारासाठी राहिला आणि आठवड्याभरात तिच्याशी लग्न करून मोकळा झाला. मग घोड्यावर बसून प्रवचनं देत पुन्हा गावोगाव. ती त्याची पत्रं उघडी, इतर स्त्रियांना त्याने लिहिलेल्या जिव्हाळ्याच्या ओळी वाचून संतापे. तो तिला लांबलचक उपदेश लिहून पाठवी. एका पत्रात तर, अप्रसिद्ध आणि क्षुल्लक राहण्यात समाधान मान, असा सल्ला आहे. ती 1771 मध्ये घर सोडून गेली. 1781 मध्ये ती वारली ते त्याला अंत्यविधी उरकल्यावर कळलं. हजारो लोकांना एकमेकांचं ऐकायला बसवणाऱ्या माणसाला एका माणसाचं ऐकणं जमलं नाही. नायकांना त्याने जे नियम घालून दिले त्यांत नायकाच्या बायकोने कोणाकडे बोलायचं, हे नव्हतं.

उतारवयात तो मऊ झाला, असं त्याला भेटलेल्यांनी लिहिलं आहे. मेल्व्हिल हॉर्न या सहकाऱ्याला तो एकदा म्हणाला, पन्नास वर्षांपूर्वी आम्ही दोघं भाऊ लोकांना ठणकावून सांगत होतो की पापक्षमेची पक्की खात्री नसेल तर तुमच्यावर देवाचा कोप आहे. त्यांनी आम्हाला दगड कसे मारले नाहीत याचंच नवल वाटतं. वेस्ली 2 मार्च 1791 रोजी वारला. तेव्हा ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या त्याच्या मंडळ्यांत 72 हजारांच्या आसपास सभासद होते.

पुढच्या शतकात क्लासने दोन्ही प्रकारची फळं दिली. इतिहासकार ई. पी. टॉमसनने 1963 मध्ये मेथडिझमवर कडाडून टीका केली: या शिस्तीने कामगारांच्या मनात कारखान्याचा भोंगा बसवला, असा त्याच्या म्हणण्याचा आशय. दुसरीकडे 1834 मध्ये मजुरीत कपात होऊ नये म्हणून संघटना बांधणारे आणि त्यापायी ऑस्ट्रेलियात हद्दपार झालेले टॉलपडलचे जे सहा शेतमजूर, त्यांतले पाच मेथडिस्ट होते आणि त्यांचा पुढारी जॉर्ज लव्हलेस उपदेशक होता. बारा जणांत उठून बोलायची, वर्गणी गोळा करून हिशेब ठेवायची सवय या लोकांना क्लासनेच लावली होती. कामगारांच्या चार्टिस्ट चळवळीने तर ‘क्लास’ हे नाव आणि रचना जशीच्या तशी उचलली. खुद्द मेथडिस्टांत मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्लास पातळ होत गेला. ठराविक माणसं, ठराविक वाक्यं. रविवारच्या प्रवचनावर भागू लागलं.

तो इंग्लंड-अमेरिकेत उतरणीला लागला होता तेव्हाच मुंबईत नव्याने सुरू झाला. कॅलिफोर्नियाच्या रस्त्यांवर उपदेश केलेला अमेरिकन मेथडिस्ट विल्यम टेलर नोव्हेंबर 1871 मध्ये मुंबईला आला. देऊळ नव्हतं, जागा नव्हती. त्याने घराघरांत बैठका घेतल्या आणि आलेल्यांचे लहान लहान गट पाडले. त्यांतूनच पुढच्या वर्षी मुंबईची मेथडिस्ट मंडळी उभी राहिली, परदेशी पैशांवर न चालणारी. तिला येऊन मिळालेला एक माणूस मुंबईला आधीच चांगला ठाऊक होता: जॉर्ज बोवेन. 1848 मध्ये अमेरिकेहून आला, वर्षभरात मिशनचा पगार सोडला, गरीब वस्तीत अगदी थोडक्यात राहिला, रस्त्यावर मराठीत उपदेश करत आणि ‘बॉम्बे गार्डियन’ चालवत चाळीस वर्षं मुंबईतच काढून 1888 मध्ये तिथेच वारला. कुलाब्याचं बोवेन मेमोरियल चर्च त्याच्या नावाचं.

दुसरा धागा आणखी वाकड्या वाटेने महाराष्ट्रात आला. कॉर्नवॉल हा खाणींचा मुलूख वेस्लीने तीसेक वेळा पालथा घातला होता. तिथल्या बाल्डू गावी विल्यम हॅस्लम नावाचा इंग्रजी चर्चचा पाळक होता. कर्मकांडात चोख, मेथडिस्टांवर नाराज. 1851 मध्ये एका रविवारी प्रवचन करता करता आपण सांगतो आहोत ते आपल्याला कधी लागूच झालं नव्हतं, हे त्याला व्यासपीठावरच उमगलं. त्याचा चेहरा पाहून समोर बसलेला एक स्थानिक उपदेशक ओरडून उठला, पाळकाचं परिवर्तन झालं! हॅस्लमने पुढे ही हकीकत पुस्तकात लिहिली, आणि 1891 च्या सुमाराला ते पुस्तक पंडिता रमाबाईंच्या हाती आलं.

रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला झाला होता. तोवर कलकत्त्याच्या पंडितांनी दिलेली पदवी, नंतर अमेरिकेचा दौरा, 1889 मध्ये शारदा सदन. कर्तबगारीत खोट काढायला जागा नव्हती. तरी ‘साक्ष’ म्हणून त्यांनी 1907 मध्ये जे लिहिलं त्यात त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना कळलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. ऑल्डर्सगेटच्या आधीचा वेस्ली वेगळं काय म्हणत होता? केडगावला रमाबाईंचं मुक्ती मिशन उभं राहिल्यावर मिनी अब्रॅम्स ही मुंबईची मेथडिस्ट मिशनरी बाई तिथे मदतीला आली. 1905 च्या जानेवारीत रमाबाईंनी रोज एकत्र प्रार्थना करायला कोण येईल असं विचारलं, तेव्हा 70 जणी पुढे आल्या. जूनपर्यंत त्या 550 झाल्या. पुढच्या जागृतीत मुली मोठमोठ्याने रडत आपले अपराध सांगत. हा गोंगाट बाहेरच्या पुष्कळांना रुचला नाही. रमाबाई स्वतः शांत प्रार्थना करणाऱ्या, पण त्यांनी तो थांबवला नाही.

त्यांचा स्वतःचा काटेकोरपणा मात्र कुठे गेला नव्हता. बायबलचं आधीचं मराठी भाषांतर अडाणी बायकांना कळत नाही, आणि त्यात नको त्या कल्पना शिरल्या आहेत, म्हणून त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल नव्याने मराठीत आणायला घेतलं. दीड तप ते चाललं. संस्कृतात श्लोक रचणाऱ्या या विदुषीने त्यासाठी मुद्दाम सोपी, घरगुती मराठी निवडली आणि तीही पुन्हा पुन्हा तपासली. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या तेव्हा भाषांतर हातावेगळं झालं होतं. छापील बायबल 1924 मध्ये बाहेर आलं. ते मुक्तीच्याच छापखान्यात छापलं गेलं. खिळे जुळवायला आणि कागद चढवायला तिथल्याच बायका होत्या, आणि त्यांतल्या कितीतरी जणी दुष्काळात केडगावला आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती.